भीमराजची तहान

कंदील राहू दे, पण जरा लांब सरकव. तेलाचा वास नाकाशी आला की मला अजून ती टाकी आठवते.

चिंचवडच्या एका कारखान्यात मी डिझेलच्या टाकीवर होतो. टाकी जमिनीखाली. वर माणूस आत उतरेल एवढं तोंड, त्याला बोल्ट आवळून बसवलेलं लोखंडी झाकण, आणि शेजारी माप घ्यायची नळी, तिला पितळी टोपण. डिझेलचा खरा वैरी म्हणजे पाणी. तळाशी पाणी साचलं की त्यावर काळी, बुळबुळीत बुरशी धरते, ती पंपात शिरते आणि ट्रक भर रस्त्यात बसतो. म्हणून रोज सकाळी मी मापाच्या लांब काठीच्या टोकाला खाकी पेस्ट फासून ती नळीतून तळापर्यंत सोडायचो. तळाशी पाणी असलं की पेस्ट लालभडक व्हायची.

माझ्या टाकीत ती कधी लाल झाली नाही. शेजारच्या कारखान्यांत पावसाळा आला की बोंब व्हायची, माझी टाकी मात्र कोरडी ठणठणीत. साहेब पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे आणि मी पोट आत घेऊन उभा राहायचो. आमची ही म्हणायची, "पोरांच्या कानातला मळ कधी दिसला नाही तुम्हाला, आणि त्या टाकीला रोज न्हाऊमाखू घालता!"

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. नळाला सकाळी करंगळीएवढी धार यायची, तीही थोडाच वेळ. एका दुपारी जेवणाची सुट्टी संपून सगळे शेडमध्ये गेले आणि मी विसरलेला चष्मा घ्यायला टाकीकडे परतलो. आवारात चिटपाखरू नव्हतं. तापलेल्या मातीला डिझेलचा उग्र वास सुटला होता. नळीचं टोपण काढून गिरजाबाई तिथं उकिडवी बसली होती. हातात तांब्या. ती नळीत पाणी ओतत होती.

गिरजाबाई आमच्या आवारात झाडलोट करायची. तिचा मुलगा भीमराज कंत्राटदाराच्या टोळीतून हीच टाकी साफ करायला उतरला होता आणि आतच गुदमरून गेला. मी कामावर लागलो त्याच्या आधीची गोष्ट. पोराच्या बदल्यात आईच्या हाती झाडू आला होता.

"अहो मावशी, काय करताय हे!" मी ओरडलो. "पाणी ओतताय? डिझेलमध्ये?"

ती दचकलीसुद्धा नाही. तांब्यात शेवटचा घोट राखला होता, तो तिनं काठाला तोंड लावून घेतला. मिश्री लावून लावून तिचे ओठ काळे पडले होते.

"रोजच वतते की, रंगराव. तुमी यायच्या आदीपासनं. त्याला तहान लागती. पानी माझ्या वाट्याचं हाय, कंपनीचं न्हाई."

"भूत म्हणताय की काय तुम्ही..."

"न्हाई वो. आमी धम्म घेतला. भूतखेत मानीत न्हाई आमी." तिनं टोपण पदरानं पुसून परत बसवलं. "पर तहान ती तहानच."

ती गेली. मी घाईघाईनं पेस्ट फासली आणि काठी खाली सोडली. वर काढली. खाकी. पुन्हा सोडली. पुन्हा खाकी. एवढ्या दिवसांचं रोजचं तांब्याभर पाणी धरलं तर तळाशी चांगलं गुडघाभर हवं होतं! मी वाकून नळीला कान लावला. त्या भाजणाऱ्या दुपारी आतून गार हवा आली. आणि खाली, त्या काळोखात... कुणीतरी घटाघटा पीत होतं. मग एक लांब सुस्कारा ऐकू आला.

मी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? माझी नावाजलेली टाकी कुणामुळं कोरडी होती ते मला कळलं होतं. साहेब कौतुक करू लागले की मला मान वर करवेना. गिरजाबाईला मात्र त्यानंतर मी कधी अडवलं नाही.

वैशाखात ती यायची बंद झाली. दुसऱ्याच दुपारी खालून लोखंडावर आवाज आला. ठक... ठक... जोराचा नाही. दार वाजवायला संकोच वाटावा, तसा. मी उठून लांब जाऊन बसलो, पण तो तिथंही ऐकू येत होता. शेवटी राहवेना. आमच्या शेडमधल्या माठातलं पाणी काढून नेलं आणि नळीत ओतलं. "घे बाबा," म्हटलं.

सकाळी काठी वर काढली, तर टोक लालभडक.

त्यानं पाण्याला तोंडच लावलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण मला रडूच आलं. कामावरून सुटल्यावर मी गिरजाबाईचं घर शोधत गेलो. पिंपरीत रेल्वेच्या रुळांच्या कडेला तिची झोपडी. ती वाकळेवर पडली होती, अंगात ताप फणफणत होता. मी झालं ते सांगितलं.

"माठातलं काढून वरनं वतलं?" तिनं डोळे उघडले. "कसं पिईल त्यो? त्या दिशीबी हेच झालं. आत घसा सुकला म्हनून वर आला, माठाकडं गेला. मुकादम म्हनला, माठाला हात लावू नगं, ओंजळ धर, वरनं घालतो. भीमराज म्हनला, माझ्या हातानं घीन, न्हाईतर ऱ्हाऊ दे... आन् तसाच खाली उतरला."

"मग तुम्ही ओतलेलं बरं घ्यायचा?"

"मी आई हाय."

धापा टाकत तिनं उशाचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "त्यो तहानलेला हाय तवर माझा जीव जायचा न्हाई, रंगराव. लई हाल चालल्यात. त्याला माठ द्या..."

मी तसाच कारखान्यात परतलो. शेडमधला माठ उचलला, काठोकाठ भरला, टाकीच्या झाकणाशेजारी नेऊन ठेवला आणि गिरजाबाईचा तांब्या घासून त्यावर पालथा घातला. संध्याकाळ झाली होती. "भीमराज," मी म्हणालो, "हा माठ तुझाच. हातानं घे." आणि मागं न बघता घरी गेलो.

सकाळी येऊन पाहिलं. झाकणाचे बोल्ट जसेच्या तसे. माठ रिकामा, आणि त्याच्या काठावर तेलकट पाच बोटं उमटलेली. मी नळीतून काठी सोडली. मी ओतलेलं पाणी तळाशी तसंच होतं. ते पुढं मला पंप लावून उपसावं लागलं. गिरजाबाईचा तांब्या मात्र पालथा नव्हता. तो लोखंडी झाकणावर मधोमध सरळ ठेवलेला होता. काठोकाठ भरलेला.

हा कुणासाठी भरून ठेवला, याचा विचार करत मी उभा होतो, तोच रखवालदार ज्ञानदेव आला. "गिरजाबाई पहाटे गेली हो," तो म्हणाला.

तांब्याला हात न लावता मी निघालो. तिला पोचवून परत यायला दिवस कलला. टाकीकडे कुणी फिरकलं नव्हतं, ज्ञानदेव शपथेवर सांगत होता. तांब्या जागेवरच होता. रिकामा.

मी तो उचलून नाकाशी नेला. वाटलं होतं, काठाला डिझेलचा वास येईल. आला तो मिश्रीचा.