दुसरा, तिसरा, पाचवा, नववा

अजितची आणि माझी ओळख शिंकेने झाली.

मार्च महिना होता आणि लालबागच्या मसाला बाजारात दिवसभर मिरच्या कुटल्या जात होत्या. मी माझ्या वर्गाची जाहिरात खांबावर लावायला गेले. एका हातात कागद, दुसऱ्या हातात चिकटपट्टी, आणि नेमक्या त्याच वेळी मला एकामागून एक सात शिंका आल्या. सातव्या शिंकेला कागद उडाला. तो कुणीतरी वरच्या वर पकडला आणि खांबावर सपाट धरला.

"चिकटवा. मी धरलाय."

खांद्यावर मसाल्याची पिशवी, कानामागे पेन आणि हसरे डोळे. कागद धरल्या धरल्या तो वाचतही होता.

"बारा रविवार. वेब एपीआयमधून माहिती गोळा करायला शिका, अगदी नवख्यांसाठी... हे एपीआय म्हणजे काय?"

मी नाक पुसत समोर बोट दाखवलं. "ती दुकानाची खिडकी दिसतेय? तुम्ही आत जात नाही. खिडकीवर चिठ्ठी देता – एवढी बेडगी, एवढे धणे – आणि आतून पुडा येतो. इंटरनेटवर अशाच खिडक्या असतात. हवामानाची, बसची, भरती-ओहोटीची. माणसाऐवजी तुमचा प्रोग्रॅम चिठ्ठी देतो आणि माहिती..." आठवी शिंक आली.

"...येते," त्याने वाक्य पूर्ण केलं. "भरती-ओहोटीची खिडकी खरंच आहे?"

"आहे. का, मासे पकडता?"

"नाही. फ्लेमिंगो बघतो."

आता सांगा, अशा उत्तरावर कोण पुढे काही विचारणार नाही? मी विचारलं. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात तो मालाच्या नोंदी ठेवायचा. गोदामाच्या गच्चीवरून शिवडीची खाडी दिसायची. भरतीचं पाणी चढायला लागलं की पक्षी काठाजवळ सरकतात, आणि ते कधी सरकले हे त्याने सात वर्षं वहीत लिहून ठेवलं होतं. त्या सात वर्षांच्या भरतीच्या वेळा मिळाल्या, तर पक्षी कधी येणार हे आधीच सांगता येईल, असं त्याचं गणित होतं. खांबाजवळून मी घरी गेले तेव्हा मिरचीने माझे डोळे लाल झाले होते आणि मी हसत होते.

वर्ग करी रोडला, मंडळाच्या व्यायामशाळेत भरायचा. कोपऱ्यात डंबेल्स, मधे सतरंज्या, अकरा विद्यार्थी, आणि मागे खुर्चीत पेपर उघडून बसलेले मंडळाचे सेक्रेटरी जगदीशकाका. पेपरच्या वरून त्यांना सगळं दिसायचं.

दुसऱ्याच रविवारी अजितने घोळ घातला. सात वर्षांचे सगळे दिवस त्याने एका दमात मागवले. मधे क्षणभरही न थांबता त्याच्या प्रोग्रॅमने अडीच हजार चिठ्ठ्या सरकवल्या आणि भरतीवाल्यांनी खिडकीच बंद केली. अख्ख्या वर्गाला मिळून आमचा एकच पास होता, त्यामुळे अकरा जणांचे प्रोग्रॅम जागच्या जागी बसले.

"असं कुणाच्या दारावर धडाधडा वाजवतात का?" मी चिडले. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: १, २, ४, ८. "सगळ्यांनी लिहून घ्या. समोरून 'नाही' आलं, तर परत जायचं नाही. पण 'आत्ता जमत नाही' असं आलं, तर थांबायचं. आधी एक सेकंद. परत तेच आलं तर दोन. मग चार, मग आठ. दर वेळी दुप्पट. मधे उगाच टकटक करायची नाही."

त्याने ते कानामागच्या पेनने लिहून घेतलं, आणि वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ आला.

"सॉरी, मॅडम. भरपाई म्हणून... गच्चीवर चहाला याल? पक्षी दाखवतो."

काकांचा पेपर एक इंच खाली आला. आणि माझ्या तोंडून निघालं, "बघू."

हा माझा जुना रोग. नोकरी बदलायची? बघू. केस कापायचे? बघू. आई म्हणते, बारशाला नाव विचारलं असतं तरी मी बघूच म्हणाले असते. मनात 'हो' असेल तेव्हा तर हा शब्द जास्तच पटकन येतो.

तिसऱ्या रविवारी त्याने परत विचारलं. मी परत तेच म्हणाले. चौथ्या रविवारी तयारीने गेले, नवीन कुर्ता घालून. त्याने विचारलंच नाही. पाचव्याला विचारलं, तेव्हा मी इतकी दचकले की हातातला खडू पडला आणि... बघू.

त्यानंतर सगळं शांत. तसा तो बोलायचा, खूप बोलायचा. माझ्या लॅपटॉपची वायर गुंडाळून द्यायचा, काल किती पक्षी होते ते सांगायचा. पण चहाचं नाव नाही. सहावा गेला, सातवा गेला. आठव्या रविवारी मी लाज सोडून गळ टाकला.

"तुमच्या कॉटन ग्रीनला चहा बरा मिळतो का हो?"

"एकदम कडक," तो म्हणाला आणि वायर गुंडाळत राहिला. मला ती वायर त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

नवव्या रविवारी त्याने विचारलं, तितक्याच शांतपणे, जणू पहिल्यांदाच. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काका खाकरले. पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून स्वतःला शिव्या घातल्या.

दहाव्या रविवारी त्याने सहज सांगितलं, "एक जूनपासून गोदाम भिवंडीला हलतंय. मी पण. राहायची सोय तिकडेच केलीये कंपनीने."

"आणि गच्ची?"

"गच्चीला कुलूप."

तेव्हा मला कळलं की मी या माणसाच्या प्रेमात आहे. फ्लेमिंगोंच्या नाही, चहाच्या नाही, त्याच्याच. अकराव्या रविवारी मी दिवसभर तो विचारायची वाट पाहिली. त्याने विचारलं नाही. झालं, म्हटलं, कंटाळला तो.

मग बारावा रविवार आला, शेवटचा. प्रत्येकाने आपला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता. अजितची पाळी आली. त्याने बटण दाबलं आणि पडद्यावर ओळी उमटायला लागल्या, त्यानेच लिहिलेल्या, मराठीत.

उत्तर नाही. १ सेकंद थांबतो.
उत्तर नाही. २ सेकंद थांबतो.
उत्तर नाही. ४ सेकंद थांबतो.

वर्गात चुळबूळ झाली. तो मात्र हाताची घडी घालून निवांत उभा होता. ती उभं राहायची पद्धत मी कुठे पाहिली होती? वायर गुंडाळताना. मी बोटांवर मोजायला लागले. दुसरा रविवार. मग एक आठवडा, तिसरा. मग दोन, पाचवा. मग चार, नववा. माझे कान गरम झाले. हा माणूस कंटाळला नव्हता. हा माझा गृहपाठ करत होता.

पुढचे आठ. म्हणजे सतरावा रविवार, जूनचा शेवटचा आठवडा. गच्चीला कुलूप, पक्षी कच्छकडे गेलेले, आणि वर्ग आज संपतोय.

पडद्यावर शेवटी उत्तर आलं. आजची भरती, आणि खाली त्याच्या वहीवरून काढलेला अंदाज: पक्षी साडेपाचपासून जवळ येतील. टाळ्या वाजल्या. मी फळ्याजवळ गेले.

"एक धडा राहिलाय," मी म्हणाले. "काही खिडक्यांवर दर वेळी जाऊन विचारावं लागत नाही. तुम्ही नंबर ठेवून जायचं. उत्तर तयार झालं की खिडकीच तुम्हाला निरोप पाठवते." मी खडू खाली ठेवला. "अजित, उत्तर तयार आहे. साडेपाचला येतेय मी. चहा कडक हवा."

दहा माना त्याच्याकडे वळल्या. तो लाल झाला, अगदी त्या दिवशीच्या मिरच्यांसारखा. मागे काकांनी पेपरची घडी घातली. "बरा झाला गो बाय," ते मालवणीत म्हणाले. "ह्या झिलाक आणि किती ताटकळवतलंस?"

साडेपाचला आम्ही गच्चीवर होतो. थर्मास, दोन स्टीलचे पेले, आणि चिखलावरून पाणी सरकत येत होतं. पाण्याच्या पुढे पुढे ते गुलाबी पक्षी, आधी ठिपके, मग माना, मग पाय. त्याची वही बरोबर निघाली होती, फक्त चार मिनिटांनी चुकली. मी खरंच नाचले. गोदामाचा वॉचमन खालून बघत होता तरी नाचले.

"सतराव्या रविवारी खरंच विचारलं असतंस?" मी विचारलं. 'तुम्ही' जिना चढतानाच गळून पडलं होतं.

"भिवंडीहून आलो असतो."

"आणि मी परत बघू म्हणाले असते तर?"

त्याने मनात हिशेब केला. "सोळा आठवडे. दसऱ्याच्या आसपास आलो असतो."

"आणि मधे वैतागला नसतास?"

"वैतागलो होतो ना. सातव्या रविवारी तर फार." तो हसला. "पण तू 'नाही' म्हणाली नव्हतीस. आणि उगाच टकटक करायची नाही, असं मॅडमनीच शिकवलंय."

"मॅडमना तू आवडतोस," मी म्हणाले. एका दमात, मधे न थांबता. "तिसऱ्या रविवारपासून. कदाचित आठव्या शिंकेपासून."

त्याने पेला कठड्यावर ठेवला, माझा हात हातात घेतला, आणि आम्ही बराच वेळ पाणी चढताना पाहिलं. त्याच्या तळव्याला मिरचीचा नाही, शाईचा वास होता.

"मलाही," तो शेवटी म्हणाला. मग लगेच, "पुढच्या रविवारी येशील? आणि भिवंडीला? तिकडे पक्षी नाहीत, पण चहा... आणि मी दर शनिवारी इकडे आलो तर भेटशील? आणि आईला सांगू का?"

एका सेकंदात चार प्रश्न. नियमाप्रमाणे मी खिडकी बंद करायला हवी होती.

"हो," मी म्हणाले. "हो, हो, आणि आईला मीही सांगते."