चौदा नंबरचा बिल्ला

फळ्याच्या 'आत' या बाजूला एकही बिल्ला नव्हता. म्हणजे भुयारात कोणी नव्हतं. निदान नियम तरी तसं सांगत होता.

"बघा ताई, दिसतंय ना? चौदा नंबर 'बाहेर'वर आहे. म्हणजे तुमचे बाबा बाहेर," मुकादम म्हणाला. "आता पाच मिनिटं बाजूला उभ्या राहा."

सगळी साइट त्याला 'पाच मिनिटं' म्हणूनच ओळखत होती. त्याच्या तोंडी कुठलंच काम पाच मिनिटांच्या वर लांबायचं नाही आणि प्रत्यक्षात कुठलंच पाच मिनिटांत व्हायचं नाही.

लेक हलली नाही. कडेवर सहा महिन्यांची मुलगी, खांद्याला लंगोटांची पिशवी, हातात लशीचं कार्ड. अकरा वाजता बाबा फाटकापाशी भेटणार होते, तिथून तिघं दवाखान्यात जाणार होते. आता अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बाबांचा फोन लागत नव्हता. तीस वर्षं सिग्नलच्या तारा ओढलेला हा माणूस अकराचं बोलला की पाच मिनिटं आधी येऊन उभा असायचा.

"ते बाहेर आहेत, तर कुठे आहेत?"

"ते मी काय सांगू? मी काही काकांच्या गळ्यात घंटा नाही बांधली."

या मार्गावरच्या सगळ्याच स्टेशनांचं काम निघालं होतं. इथे लांब गाड्यांसाठी फलाट वाढवत होते. माणसांसाठी वरून नवा पूल झाला होता, म्हणून फलाटाखालचा जुना भुयारी रस्ता आज बारा वाजता काँक्रीटनं भरून टाकायचा होता. त्याचं एक तोंड गेल्या आठवड्यात विटांनी बंद केलेलं. दुसऱ्यावर आज जाड प्लायवूड ठोकलं होतं आणि त्यात पंपाची नळी जाईल एवढंच भोक ठेवलं होतं. पंप धडधडत होता. मिक्सरच्या दोन गाड्या पोटं फिरवत उभ्या होत्या.

बाबा सकाळपासून त्याच भुयारात जुन्या तारा काढत होते.

तिनं आजूबाजूला पाहिलं. डावीकडे पत्रा, उजवीकडे पत्रा, मागे एका माणसापुरती वाट, पुढे पंप. श्वाससुद्धा परवानगी काढून घ्यावा अशी जागा. आणि बाबा अजून खाली असले तर? बारानंतर त्या विचाराला काही अर्थच उरणार नव्हता.

"बंद करायच्या आधी आत कोणी पाहिलं?"

"साहेबांनी. साडेदहाला शेवटची फेरी मारली. ही बघा सही. 'भुयार रिकामे.'"

"तुम्ही स्वतः?"

"मी नऊपासून पंपाला बांधलेला आहे. काका मला आत जातानाही दिसले नाहीत आणि येतानाही. आपण फळा बघतो. फळा रिकामा की विषय संपला."

"एक मिनिट पंप बंद करा. मी त्या भोकातून हाक मारते."

"आणि नळीत माल बसला तर? बंद करायचा हुकूम स्टेशनमास्तर बाईंचा लागतो. जा, त्यांना विचारा."

तेवढ्यात साहेब आले. सिग्नलच्या कामाचा तरुण इंजिनिअर, मऊ आवाजाचा, हातात चहाचा कागदी कप. साइटवर तिला 'बसा' म्हणणारा पहिलाच माणूस.

"तारवाले काका ना? अहो, ते पावणेदहालाच गेले. माझ्यासमोर बिल्ला बाहेर टांगला. म्हणाले, आज नातीचं इंजेक्शन आहे. थेट दवाखान्यात जाऊन बसले असतील बघा."

"मला न सांगता?"

"वय झालंय, ताई. विसरतात." त्यांनी बाळाच्या गालाला बोट लावलं. बाळानं तोंड फिरवलं आणि शिंकलं. त्या बोटांना उग्र, रंगाच्या दुकानात येतो तसा वास होता. लेकीनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

साहेबांचा चेहरा खरंच काळजीचा होता. तिला जरा हायसं वाटलं. दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीनं बाकांवरून नजर फिरवली आणि सांगितलं, "आजोबा कोणी नाहीत. सगळ्या आयाच आहेत."

ती पुन्हा फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. भुयाराच्या तोंडाशी भिंतीला लावलेला लाकडी फळा. डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर', दोन्हीकडे एक ते वीस खिळे. प्रत्येक कामगाराचा ॲल्युमिनियमचा गोल बिल्ला. जाताना तो स्वतः डावीकडे टांगायचा, आल्यावर स्वतः उजवीकडे. फळा नुकताच रंगवलेला, राखाडीचा पिवळा झालेला. डावीकडचे सगळे खिळे मोकळे होते. त्यातल्या चौदाव्या खिळ्याखाली पिवळ्यात एक राखाडी गोल राहून गेला होता. भिंतीवरचं घड्याळ काढल्यावर मागे राहतो तसा.

तिनं मान वाकडी करून उजवीकडच्या चौदा नंबरच्या बिल्ल्याच्या वरच्या फटीतून मागे पाहिलं. हात लावला नाही. नुसतं पाहिलं.

मग ती तरातरा रंगाऱ्याकडे गेली. तो पलीकडे बाक रंगवत होता आणि कुणाला तरी शिव्या घालत होता.

"दादा, तो फळा कधी रंगवलात?"

"दहाला हात घातला, सव्वादहाला सोडला. का? ओघळ आलेत?"

"नाही, छान झालाय. बिल्ले काढून रंगवलात?"

"छे! दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावला तर इथे घरी पाठवतात. पहिल्या दिवशी तेच शिकवलं. बिल्ले होते तिथेच ठेवले आणि भोवतीनं ब्रश फिरवला. आता म्हणाल, मागे तसंच राहिलं. राहणारच!"

"शिव्या कुणाला देत होता?"

"माझी थिनरची चिंधी नेली कुणीतरी. साडेदहापर्यंत इथे होती. चिंधी चोरणाऱ्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा."

तिनं सांगितलं नाही. ती पळत सुटली.

स्टेशनमास्तर बाई दोन फोन दोन कानांना लावून बसल्या होत्या. बारा वाजायला पंधरा मिनिटं होती. लेकीनं दारातूनच सांगितलं, "बाई, पंप थांबवा. माझे बाबा आत आहेत."

बाईंनी एक फोन खाली ठेवला. "साहेबांची सही आहे, फळा रिकामा आहे. थांबवलं तर दोन गाड्यांतला माल जागेवर दगड होईल आणि सोमवारची पहिली लांब गाडी गेली. मला नुसती शंका चालणार नाही. कारण दे."

"फळ्यापाशी चला. तिथे दाखवते."

बाईंनी दुसराही फोन ठेवला.

फळ्यासमोर सगळे जमले. मुकादम घड्याळाकडे बघत होता. साहेबांच्या हातातला चहा तसाच गार झाला होता. पंपाच्या वर आवाज चढवून लेक बोलू लागली. बाळ रडायला लागलं, तरी ती थांबली नाही.

"साहेब, बाबांनी तुमच्यासमोर बिल्ला बाहेर टांगला तो पावणेदहाला. बरोबर?"

"हो. सांगितलं ना."

"फळा रंगवला दहा ते सव्वादहा. रंगारीदादांनी एकही बिल्ला हलवला नाही, भोवतीनं ब्रश फिरवला. म्हणजे तेव्हा ज्या खिळ्यावर बिल्ला होता, तिथे मागे जुना राखाडी रंग राहिला. बाई, आता 'आत'चा चौदावा खिळा बघा."

बाई वाकल्या. "राखाडी गोल आहे."

"म्हणजे सव्वादहापर्यंत बाबांचा बिल्ला 'आत' होता. आता बाहेरच्या बाजूचा कुठलाही बिल्ला उचला. तुम्हीच उचला."

बाईंनी तीन नंबर उचलला. मागे राखाडी. नऊ उचलला, राखाडी. मग चौदा. तो सहज निघेना. ओल्या रंगाला चिकटला होता. ओढल्यावर सुटला. मागे अखंड पिवळा, आणि बिल्ल्याच्या पाठीलाही पिवळाच रंग.

"हा बिल्ला इथे रंग दिल्यानंतर आला," लेक म्हणाली. "पावणेदहाला नाही. बाबांनी तो स्वतः हलवला असता, तर साहेबांना वेळ खोटी सांगायची गरज काय होती? शेवटच्या फेरीच्या आधीच बाबा निघून गेले होते, असं दाखवायचं होतं, म्हणून. साडेदहाला आत एकटे साहेब गेले. येताना त्यांनी चौदा नंबर उजवीकडे टांगला. बोटांना रंग लागला. तो पुसायला रंगारीदादांची चिंधी घेतली. साहेब, मघाशी तुम्ही माझ्या मुलीच्या गालाला बोट लावलंत. त्याला थिनरचा वास होता."

"चिंधी!" रंगारी म्हणाला.

साहेब हसल्यासारखं करून म्हणाले, "ठीक आहे, बिल्ला मी हलवला. काका हलवायला विसरले असणार, म्हणून मी नीट करून ठेवला. चूक झाली. पण आत कोणी नाही."

"मग 'माझ्यासमोर टांगला' का म्हणालात?"

साहेबांनी गार चहाचा कप खाली ठेवला. सगळे बिल्ल्यांकडे बघतात. बिल्ल्यामागे कोणी बघेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाईंचा हुकूम यायच्या आतच मुकादमानं पंपाचं बटण दाबलं. धडधड थांबली. सगळ्यांच्या कानांत दडे बसले.

लेकीनं बाळाला बाईंच्या हातात दिलं, प्लायवूडच्या भोकाला तोंड लावलं आणि ओरडली, "बाबा!"

काही नाही. नुसता ओल्या सिमेंटचा वास.

"बाबा, मी आलेय!"

खूप लांबून, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला. एक. थांबून दोन. मग थांबलाच नाही.

मुकादमानं पहार घेतली. पाच मिनिटांचं काम त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तीन मिनिटांत केलं. दोन माणसं दिवे घेऊन खाली धावली. भुयाराच्या टोकाला केबलच्या खोलीचं लोखंडी दार होतं आणि त्याला बाहेरून कडी होती.

बाबा वर आले ते धुळीनं पांढरे झालेले, हातात पक्कड, बोटांची सालटी निघालेली. लेकीनं त्यांना धरलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलले बाईंशीच.

"बाई, आधी गाड्या थांबवा. सिग्नलची मुख्य केबल अजून खालीच आहे, चालू. केबलसाठी टाकलेल्या नव्या नळीत ती फक्त कागदावर हलवलीय. जोडात पाणी गेलंय. कुठला दिवा कधी खोटं बोलेल, सांगता येत नाही. साडेदहाला मी यांना ती दाखवली. म्हटलं, आताच बाईंना सांगतो. हे म्हणाले, थांबा काका, मी फोटो काढतो. बाहेर गेले आणि कडी लावली."

"केबल हलवल्याच्या कागदावर सही कोणाची?" बाईंनी विचारलं, पण उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. बाळ लेकीकडे देऊन त्या फोनकडे धावल्या. थोड्याच वेळात वरच्या फलाटावर घोषणा झाली: दोन्ही दिशांच्या गाड्या जागेवर थांबवण्यात येत आहेत.

साहेब पायरीवर बसले होते. "मी कायमचं ठेवणार नव्हतो," ते बाबांकडे न बघता म्हणाले. "जरा विचार करायला वेळ हवा होता. मग बाहेर आलो तर कसं उघडायचं तेच कळेना. उघडलं की तुम्ही बोलणार. दर दहा मिनिटांनी ते जास्तच अवघड होत गेलं. पण बाराच्या आत उघडणारच होतो, काका. देवाशपथ."

लेकीनं मुकादमाकडे पाहिलं.

"दादा, प्लायवूड ठोकलं तेव्हा साहेब कुठे होते?"

मुकादमानं पहार जमिनीवर ठेवली. घड्याळाकडे न बघता बोलण्याची त्याला सवय नव्हती.

"इथेच," तो म्हणाला. "माझ्या शेजारी. दोन खिळे कमी मारले म्हणून मला ओरडले. आणखी दोन मारून घेतले."