रिकाम्या चौकटीतली शेंदरी भिंत

चित्रात कोणीही नव्हते. ओटा होता, पोळपाट होता, मागे पांढरी भिंत होती. लाटणे आपोआप फिरत होते आणि त्याच्याखाली पोळी गोल होत चालली होती. लाटणारे माणूस मात्र दिसत नव्हते.

"चित्रात एक व्यक्ती शिल्लक आहे," पारखी म्हणाला.

"कुठे?" शाल्मलीने विचारले.

"चूक विद्यार्थ्याने स्वतः शोधायची असते, म्हणून ते मला सांगता येत नाही. पण आहे."

पारखी म्हणजे विद्यापीठाचा परीक्षक यंत्रमानव. स्टुलाएवढा उंच, खाली तीन चाके. तो विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन त्यांचे काम तपासतो. शाल्मली माझी धाकटी मुलगी. ती इथे कोल्हापुरातच दृक्परिणाम (चित्रपटात खोटी गोष्ट खरी वाटावी म्हणून केलेल्या करामती) शिकते. तिला मिळालेले काम होते, माणूस अदृश्य करण्याचे.

चित्रातला माणूस म्हणजे तिची आई, माझी पत्नी कुमुद. चित्रण गेल्या मार्चमधले. ऑगस्टमध्ये कुमुद गेली. त्यानंतर शाल्मलीने ते काम बरेच महिने उघडलेच नाही. विद्यापीठाने मुदत वाढवून दिली होती, ती आज संध्याकाळी संपत होती. आज काम मान्य झाले नाही, तर तिचे वर्ष जाणार होते.

कामासोबत स्व-मूल्यमापन (आपल्या कामाला आपणच गुण देणे आणि त्याची कारणे लिहिणे) द्यायचे होते. आपले गुण आणि परीक्षकाचे गुण यांत फार अंतर पडले, तर काम परत येते. ज्याला आपली चूक दिसत नाही त्याला ती सुधारता येत नाही, असा त्यामागचा विचार. शाल्मलीने स्वतःला दहापैकी दहा दिले होते. खाली लिहिले होते, 'व्यक्ती पूर्णपणे काढून टाकली आहे. तिची कोणतीही खूण उरलेली नाही.'

मी पडद्यावरचे ते वाक्य वाचले आणि पाणी प्यायला उठलो.

"पारखीदादा, तुझं डोकं तापलंय का?" इराने विचारले. इरा माझ्या मोठ्या मुलीची मुलगी. सहावीत आहे. शाळा जवळ पडते म्हणून आमच्याकडेच राहते.

"माझे तापमान योग्य आहे," पारखी म्हणाला.

"मग मावशी, तू आजीला पुसलंस कसं? खोडलंस?"

"खोडलं तर तिथे भोक पडेल ना गं. आजीच्या मागे भिंत होती. आजी काढली की भिंत दिसायला हवी. पण आजी उभी असताना कॅमेऱ्याला तेवढी भिंत दिसलेलीच नसते. मग ती आणायची कुठून?"

"दुसऱ्या फोटोतून!"

"बरोबर. त्याला आम्ही रिकामी चौकट म्हणतो (माणसे बाजूला करून त्याच जागेचे, त्याच उजेडात घेतलेले चित्रण). कॅमेरा जराही हलवायचा नाही. आधी आजीला पोळ्या लाटायला लावलं. मग म्हटलं, आई, बाजूला हो. आणि रिकाम्या स्वयंपाकघराचं चित्रण घेतलं. आजीच्या जागी त्यातली भिंत बसवली. फक्त लाटणं आणि पोळी पहिल्या चित्रातली ठेवली."

"सावली?"

"काढली. स्टीलच्या डब्यांवर तिचं प्रतिबिंब होतं, तेही काढलं. आता काही नाही उरलं, इरा."

शाल्मलीने पुन्हा सगळे तपासले. दुपार होत आली. पारखी एका जागी उभा राहून तेच सांगत होता. शेवटी शाल्मली त्याच्यावर ओरडली, "अरे, ती गेली! कळत नाही का तुला?"

 

इरा कंटाळली होती. तिने वहीच्या खाकी कव्हराची सुरळी केली, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली आणि पडद्यावर इकडून तिकडे फिरवू लागली. एकदम थांबली.

"आजोबा, भिंत दोन रंगांची आहे."

"पांढरी आहे ती. मी स्वतः रंगवून घेतली आहे."

"तुम्ही बघा तरी!"

मी सुरळीतून पाहिले. आधी भिंतीचा डावा भाग, मग खिडकीकडचा उजवा. डावीकडे पांढरा रंग होता. उजवीकडे फिकट शेंदरी. सुरळी काढली की दोन्हीकडे पुन्हा पांढरेच.

मी पस्तीस वर्षे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे पुढचे सांगणे माझ्याकडे आले. "डोळा रंग पाहतो, पण ठरवतो मेंदू," मी म्हणालो. "भिंत पांढरी आहे हे मेंदूला ठाऊक असतं. त्यामुळे तिच्यावर थोडा रंगीत उजेड पडला, तर तो हिशेबात धरत नाही. सुरळीतून फक्त एक ठिपका दिसतो. तो भिंतीचा आहे की कशाचा, हे मेंदूला कळत नाही. मग तो खरा रंग सांगतो."

"पण शेंदरी उजेड आला कुठून?"

"तुझा शाळेचा स्वेटर आण."

तिने लाल स्वेटर आणला. मी एक कोरा कागद उन्हात धरला आणि स्वेटर त्याच्याजवळ नेला. कागदाची कड गुलाबी झाली. स्वेटर दूर नेला, गुलाबी गेली.

"स्वेटरला दिवा लावलाय का आत?" इरा म्हणाली.

"नाही. ऊन स्वेटरवर पडतं. उन्हात सगळे रंग असतात. स्वेटर बाकीचे बरेचसे रंग गिळतो आणि लाल रंग सगळीकडे फेकतो. याला विखुरणं म्हणतात (उजेड एखाद्या वस्तूवर पडून चहूबाजूंना परत जाणे). म्हणजे उन्हात उभी असलेली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस एक मंद दिवाच असतो. त्याचा रंग आजूबाजूच्या भिंतींवर पडतो."

"आजीची साडी शेंदरी होती," इरा हळू आवाजात म्हणाली.

शाल्मलीने मान हलवली. "नाही बाबा. ही भिंत मी रिकाम्या चौकटीतून घेतली आहे. त्यात आई नव्हतीच." तिने रिकामी चौकट मोठी करून लावली. इराने सुरळी लावली.

"यातही शेंदरी आहे, मावशी."

शाल्मलीने तिच्याकडून सुरळी घेतली. बराच वेळ पाहिले.

"तू कुमुदला बाजूला हो म्हणालीस," मी विचारले, "तेव्हा ती कुठे गेली?"

"खिडकीपाशी. चौकटीच्या थोडी बाहेर. मी तिला म्हटलं, तिथंच थांब, बोलावलं की ये." ती खुर्चीवर बसली. "तिला बाहेरच्या खोलीत पाठवायला हवं होतं. ती तिथंच उभी होती, बाबा. उन्हात. पूर्ण वेळ."

"म्हणून मी व्यक्ती मोजली," पारखी म्हणाला. "भिंतीवरचा रंग स्थिर नाही. जिवंत माणूस हलते, तसा तो हलतो. परवानगी असेल तर मी तो वाढवून दाखवू शकतो. रंगातला फरक खूप पटीने मोठा करायचा, एवढेच."

"चेहरा दिसेल?" इराने विचारले.

"नाही. भिंत हा आरसा नाही. आरसा उजेड जसाच्या तसा परत पाठवतो. भिंत सगळा मिसळून टाकते. चेहरा त्यात हरवतो. पण व्यक्ती कुठे आहे, जवळ येते की दूर जाते, एवढे कळते."

शाल्मलीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

पारखीने रंग वाढवला. पांढऱ्या भिंतीच्या उजव्या कडेला शेंदरी धग दिसू लागली. ती जराशी डावीकडे झुकत होती, मग उजवीकडे. कुमुद फार वेळ उभी राहिली की अशीच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत असे.

मग तो रंग एकदम गडद झाला आणि भिंतीवर पुढे सरकला.

"व्यक्ती चौकटीच्या दिशेने आली," पारखी म्हणाला. "थांबली. परत गेली."

"का आली होती?" इराने विचारले.

शाल्मलीचा आवाज बदलला. "दूध. गॅस चौकटीच्या पलीकडे होता, त्यावर दूध होतं. ते वर यायला लागलं तशी ती धावली. मी ओरडले, आई, हलू नकोस, चौकट बिघडेल! ती म्हणाली, अगं, दूध! मी म्हटलं, जाऊ दे दूध."

त्या दिवशी मी बाहेरून आलो तेव्हा घरात जळक्या दुधाचा वास होता. आमच्या संसारात कुमुदने कधी दूध उतू जाऊ दिले नव्हते. मी तिला चिडवले, "म्हातारी झालीस की!" ती गॅस पुसत होती. "पोरीची परीक्षा होती," एवढेच ती म्हणाली. मला तेव्हा ते समजले नव्हते.

पडद्यावर तो शेंदरी रंग खिडकीपाशी परत गेला होता. तिकडे दूध उतू जात होते आणि ती उभी होती.

शाल्मलीने तोंड धुतले आणि कामाला बसली.

"तो रंग काढणार?" इराने विचारले. तो काढलेला तिला नको होता, हे दिसत होते.

"कामातून काढणार. माणूस अदृश्य करा असं सांगितलंय, तर नीट करायला हवा. आईनं दूध जाऊ दिलं ते काय अर्धवट कामासाठी?" मग ती म्हणाली, "मूळ रिकाम्या चौकटीला मात्र हात लावणार नाही. ती आहे तशी राहील. बाबा, तुमच्याकडे ठेवा."

भिंतीचा उजवा भाग तिने डाव्याशी जुळवला. स्व-मूल्यमापनातले जुने वाक्य पुसले आणि नवे लिहिले, 'माझी रिकामी चौकट रिकामी नव्हती. माणूस चौकटीबाहेर गेला तरी त्याचा उजेड चौकटीत येत राहतो, हे मी विसरले. चूक माझ्या भाचीने शोधली.' स्वतःला तिने सहा गुण दिले.

पारखीने पुन्हा मोजले. "व्यक्ती शून्य. माझे गुण सात. काम मान्य."

"एक गुण जास्त का?" शाल्मलीने विचारले.

"आपण चूक लपवली नाही. त्याला एक गुण असतो."

पारखी दाराकडे निघाला, तशी इरा त्याच्यासमोर आडवी उभी राहिली. "पारखीदादा, भूकंपात घर पडलं आणि आत कोणी अडकलं, तर भिंतीवरच्या उजेडावरून तो सापडेल?"

"अंधारात उजेड आपल्याला आत सोडावा लागेल. धूळ असेल. अवघड आहे. पण कोपऱ्यापलीकडचे असे पाहण्याचे प्रयोग चालू आहेत."

"मी मोठी होईपर्यंत होतील ना पुरे?"

"काही तुमच्यासाठी उरतील," पारखी म्हणाला, आणि इराने त्याला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसवर दूध ठेवले. खिडकीतून ऊन आले होते. ओट्याजवळ ती खाकी सुरळी पडली होती. मी ती डोळ्याला लावून भिंत पाहिली. पांढरी होती. तरी पाहत राहिलो.

मग उजवीकडची कड हळूहळू लालसर झाली.

"आजोबा," खिडकीपाशी स्वेटर घालून उभी राहिलेली इरा म्हणाली, "मी दिसते का?"

"दिसतेस," मी म्हणालो.

"मग गॅस बंद करा. दूध वर येतंय."