त्रेचाळीस मतं

त्याच्या टोपीच्या कडेला थेंब जमायचा, फुगायचा आणि साधारण दर चार सेकंदांनी खाली पडायचा. सातवा थेंब माझ्या कागदावर पडला. गाडीचा क्रमांक पसरून निळा डाग झाला.

“सॉरी… फारच भिजलोय मी.”

“दिसतंय,” मी म्हणाले. “टोपी काढलीत तर आणखी चौदा थेंब वाचतील.”

तो हसला. टोपी काढली. “मोजत होतात?”

“सवय आहे. पाणी तपासते मी. काउंटीच्या प्रयोगशाळेत.”

एकतीस डिसेंबरची दुपार होती. बाहेर बर्फ व्हायला नुकताच नकार दिलेला गार पाऊस. मी क्लर्कच्या कचेरीत गाडीची नोंदणी नवी करायला आले होते. तो एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून घेऊन आला होता, मतदार यादीत त्यांच्या नावापुढचा पक्ष बदलायला. आमच्या केंटकीत हा शेवटचा दिवस. आज पक्ष बदलला नाही, तर मे महिन्यातल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या आतल्या निवडणुकीत, मत देता येत नाही. आणि आमच्या काउंटीत खरी निवडणूक तीच. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत थोरल्या पक्षासमोर कोणी उभंच राहत नाही. थोरला आणि धाकटा. पक्षांना आम्ही असंच म्हणतो.

“मी डॅल्टन अ‍ॅम्बर्गी. रॉय स्टॅम्परचा प्रचार करतो. आणि तुम्ही थोरल्या पक्षाच्या नाही आहात, हे तोंडावरून कळतंय.”

“तोंडावर काय आहे?”

“कंटाळा. मत देऊन काही होत नाही, हे ज्यांना आधीच ठाऊक असतं ना, त्यांचा.”

ते बरोबर होतं. मी पंचविशीपासून जज कॉर्नेटच्या हाताखाली काम करत होते. आमच्याकडे काउंटीच्या प्रमुखाला जज म्हणतात. तो निवाडे करत नाही, रस्ते आणि पाणी बघतो. पाइपच्या अगदी शेवटच्या टोकाला, लॉरेल खोऱ्यात, पाणी दिवसचे दिवस साचून राहतं. क्लोरीन आणि गाळ मिळून त्यात जी रसायनं तयार होतात, ती वर्षानुवर्षं पोटात जाऊ नयेत. दर तीन महिन्यांनी मी तिथला नमुना घ्यायचे. आणि दर वेळी कॉर्नेटचा माणूस आदल्या दिवशी जाऊन हायड्रंट, रस्त्यावरचा आगीसाठीचा मोठा नळ, सोडून ठेवायचा. साचलेलं पाणी वाहून जायचं, माझा आकडा देखणा यायचा. दोनदा वर लिहिलं. दोनदा कागद परत आला.

हे सगळं मी एका भिजलेल्या अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. त्यानं मधेच तोडलं नाही, म्हणून असेल.

“कॉर्नेटविरुद्ध स्टॅम्पर उभा आहे. नवा पाइप घालायचं वचन दिलंय त्यानं,” तो म्हणाला. “तो लॉरेलचाच. माझी आईही तिथंच राहते. चार वाजता खिडकी बंद होईल… आत्ता पावणेचार झालेत.”

“माझ्या एका मतानं पाइप बदलणार?”

“नाही. पण तुमच्यासारखे पन्नास जण हेच म्हणून घरी बसतात. मी त्या पन्नासांच्या मागे लागलोय.”

खिडकीपलीकडच्या व्हर्लीनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “नेल, पोरी, तुझ्या बापाला माहीत आहे का हे?”

“अजून नाही.”

“मग मी आज फोनच उचलत नाही बाई,” म्हणत त्यांनी अर्ज पुढे सरकवला.

रविवारी डॅडींनी मक्याचा ब्रेड मधोमध ठेवला, बीन्सचं भांडं स्वतःकडे ओढलं आणि आईला म्हणाले, “तिला नीट वाढ. थोरल्या पक्षाची पाहुणी आलीय.” पणजोबांपासून आम्ही धाकट्या पक्षाचे. त्यापुढे महिनाभर ते माझ्याशी फक्त आईमार्फत बोलले.

त्या महिन्यात डॅल्टन मात्र रोज बोलला. प्रयोगशाळेच्या दारात कॉफीचे दोन पेले घेऊन उभा राहायचा. प्रायमरीपर्यंत दर शनिवारी आम्ही दारोदार फिरायचो. तो पायऱ्या चढायचा, मी छत्री धरायचे.

“तू काहीच बोलत नाहीस,” तो म्हणायचा.

“तू माझ्या वाटणीचंही बोलतोस.”

“मग निदान हसत जा. लोकांना वाटतं, मी कर्ज वसूल करणारी बाई बरोबर आणलीय.”

नमुन्याची बाटली कशी भरायची, ते मी त्याला शिकवलं. काठोकाठ… हवेचा एक बुडबुडाही आत राहता कामा नये. झाकण लावून उलटी धरायची, उजेडात बघायची. त्यानं सहा वेळा बुडबुडा ठेवला. सातव्या वेळी आमची डोकी त्या बोटभर बाटलीवर इतकी जवळ आली, की मी बुडबुडा बघायची विसरले.

एप्रिलच्या शेवटी ओढ्यावरच्या पुलावर त्यानं विचारलं. पाऊस भुरभुरत होता. त्याच्या बाहीवर जांभळ्या फुलाची एक पाकळी चिकटली होती. ती काढावी की नाही, एवढाच विचार मी तेव्हा करू शकले.

“नेल… करशील माझ्याशी लग्न?”

“प्रायमरी होऊ दे.”

“म्हणजे जिंकलो तरच?”

“तसं नाही रे. मला… अर्ध्या नमुन्यावरून काही ठरवता येत नाही.”

“मी नमुना आहे का?”

“हो. आणि बराच चांगला आहेस.” मी पाकळी काढली.

मेमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत मी पहिल्यांदा थोरल्या पक्षाची मतपत्रिका हातात घेतली. संध्याकाळी निकाल लागला. स्टॅम्पर त्रेचाळीस मतांनी जिंकला. डॅल्टननं मला कमरेला धरून उचललं आणि म्हणाला, “बघ! त्यातलं एक तुझं!” मी त्याच्या खांद्यावर चक्क रडले. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते, की एका मतानं काही होत नाही. माझा हिशेब चुकला होता, आणि चुकल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

“आता?” त्यानं कानात विचारलं.

“ऑगस्टचा नमुना होऊ दे,” मी म्हणाले. “पहिला खरा नमुना. मग सांगते.”

नोव्हेंबरात विरोधकच नव्हता, त्यामुळे जूनपासूनच सगळे स्टॅम्परला जज म्हणू लागले. कॉर्नेटची मुदत जानेवारीपर्यंत होती, पण त्याची माणसं आतापासूनच स्टॅम्परचं ऐकू लागली, त्याच्याकडे कामं मागायला येऊ लागली. त्यानं कोणाला नाही म्हटलं नाही. डॅल्टनला त्यानं आपला मुख्य सहायक नेमलं. कॉफीचे पेले कमी झाले. टोपी गेली, टाय आला.

ऑगस्टमध्ये, नमुन्याच्या दिवशी, तो स्वतः लॉरेल खोऱ्यात आला. मी हायड्रंटजवळ बाटल्या मांडत होते.

“नेल, आजच्या ऐवजी परवा घेशील?”

“का?”

“उद्या आपली माणसं हायड्रंट सोडून लाइन धुणार आहेत.”

मी पुढची बाटली मांडली. रस्त्याच्या कडेनं गरम वाफ येत होती.

“ऐकून तरी घे. फर्निचरचा कारखाना येतोय. चारशे नोकऱ्या. सप्टेंबरात सही आहे. आता आकडा वाईट आला तर घरोघरी नोटीस पाठवावी लागेल, पेपरात येईल, ते लोक टेनेसीत जातील. आधी कारखाना… मग त्याच्या करातून पाइप. एका वर्षाचा तर प्रश्न आहे.”

“कॉर्नेट हेच म्हणायचा.”

“कॉर्नेटला पाइप घालायचाच नव्हता. आम्हाला घालायचाय! फरक नाही यात?”

“पाण्यात नाही.”

तो चिडला. “तुझं बरं आहे. तुला फक्त आकडा लिहायचाय. आम्हाला माणसं सांभाळायची असतात.”

“साठ घरं आहेत इथं, डॅल्टन. तुझी आई हेच पाणी पिते.”

तो टायची गाठ सैल करू लागला.

“आई नाही पीत,” तो हळू म्हणाला. “मी तिला बाटलीचं आणून देतो. फेब्रुवारीपासून.”

फेब्रुवारी. म्हणजे आम्ही दारोदार फिरत होतो तेव्हा. शेजारच्या एकोणसाठ घरांच्या पायऱ्या चढून तो लोकांना सांगत होता, मत द्या, पाणी बदलेल. आणि मी छत्री धरून उभी होते.

“मला खरंच वाटत होतं ते,” तो म्हणाला. “अजूनही वाटतं. नेल, माझ्याकडे बघ ना… तुला मी खोटा वाटतो का?”

मी बघितलं. तो खोटा वाटत नव्हता. तोच चेहरा, तेच डोळे. माझं मन अजूनही त्याच्याकडे धावत होतं, आणि हेच मला सहन होईना.

मी नळ उघडला. साचलेलं, तिखट वासाचं पाणी आलं. पहिली बाटली काठोकाठ भरली, झाकण लावलं, उलटी करून पाहिली. त्याला वाटलं असतं तर तो हात धरू शकला असता. त्यानं धरला नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

“हे वर पाठवलंस तर मला तुला वाचवता येणार नाही,” तो म्हणाला. “नोकरी जाईल तुझी.”

“कळतंय.”

“आणि आपलं? तू म्हणाली होतीस, ऑगस्टचा नमुना होऊ दे. झाला ना… आता सांग.”

मी लेबलवर तारीख घातली, वेळ घातली, खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. मग त्याच्याकडे वळले.

“मी तुझ्याशी लग्न करणार नाही, डॅल्टन.”