कोंडलेलं यीस्ट

तारापूरच्या कारखान्यांत चार दिवस काढले की नाक मरतं. रंगाचा कारखाना, औषधांचा कारखाना आणि त्यांच्या मागे आमची बिअरची कंपनी. मी किनाऱ्यावरच्या दांडी गावची, सुकटीच्या वासात वाढलेली. लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "तुला तिथं काय नवीन नाय."

सत्याऐंशी साली मालकांनी नवा कॉलम उभारला. जुन्या पद्धतीत टाकी भरायची, यीस्ट घालायचं, ते आंबवेपर्यंत थांबायचं आणि टाकी रिकामी करायची. नव्या पद्धतीत थांबणं नव्हतं. समुद्री शेवाळाच्या खळीत यीस्ट कालवून साबुदाण्याएवढे मणी करायचे आणि ते एका उंच नळकांड्यात भरायचे. खालून माल्टचं गोड पाणी सोडायचं, वरून बिअर घ्यायची. मण्यात कोंडलेलं यीस्ट बाहेर पडत नाही. गोड पाणी देत राहा, ते आंबवत राहतं.

टाक्या धुणारा आमचा कामगार जिव्या त्या कॉलमशेजारच्या टाकीत मेला. सुपरवायझर कमलाकांतनं त्याला तळ घासायला उतरवलं होतं. आंबवताना निघणारा वायू तळाशी साठतो. तो दिसत नाही, हवेपेक्षा जड असतो. हवा खेळवल्याशिवाय टाकीत माणूस उतरवायचा नाही, हे कमलाकांतला पाठ होतं. चौकशीत मात्र त्यानं सांगितलं की जिव्या चोरून बिअर प्यायला उतरला. वारली माणूस, प्यायलाच असणार म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. जिव्यानं जन्मात ताडीलाही तोंड लावलं नव्हतं. हे मी मालकांना तोंडावर सांगितलं. "मॅडम, तुम्ही लॅब सांभाळा," म्हणाले. कमलाकांतचा मला तेव्हा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

जिव्याची बायको नवसी गेटवर आली.

"सायेब, माजा नवरा पीत नवता."

"बाई, तो प्यायला होता. मी बघितलं," कमलाकांत म्हणाला.

नवसी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मग निघून गेली.

त्यानंतर कॉलमच्या वरूनही गोड पाणीच यायला लागलं. अल्कोहोलचा पत्ता नाही. मी मणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आतलं यीस्ट जिवंत होतं, चांगलं गुबगुबीत. मणी बदलून पाहिले. तरी तेच.

आणि कमलाकांतच्या तोंडाला बिअरचा वास यायला लागला.

तो उपासतापास करणारा माणूस. संकष्टीला खिचडी खाऊन भिंत धरत चालू लागला, तेव्हा वॉचमन म्हणाला, "साहब, आज कौन सा त्योहार है?" मीही हसले. म्हटलं, भोगा आता आपल्या कर्माची फळं.

"मंदाताई, देवाशप्पथ, थेंबही घेतलेला नाही," तो मला म्हणाला.

शपथेवर माझा विश्वास नाही. मी त्याला सकाळपासून लॅबमध्ये बसवला, दार लावलं आणि खायला फक्त माझ्या डब्यातला भात दिला. दुपारपर्यंत त्याची जीभ जड झाली. लघवीचा नमुना तपासला. अल्कोहोल होतं. पुन्हा तपासला, तरी होतं. तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला, आणि मला बारीक, सलग आवाज ऐकू आला. कॉलममध्ये बुडबुडे चढतात तसा. तो कमलाकांतच्या शर्टाच्या आतून येत होता.

त्यानं खाणं सोडलं. उपाशी राहिला की वास उतरायचा, घास पोटात गेला की पुन्हा चढायचा. मालकांनी दारुडा म्हणून त्याला घरी बसवलं. त्याची गालफडं बसली.

"मला नवसीकडे न्या," तो म्हणाला. "शुद्धीत आहे तोवर खरं सांगून टाकतो. मग तरी सुटेन."

मला त्याची दया आली नव्हती. जिव्याच्या नावावरचा डाग पुसला जावा म्हणून मी त्याला घेऊन निघाले.

नवसीचा पाडा बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. भर दुपारी पोचलो. तिच्या झोपडीत माणसं जमली. कमलाकांत सकाळपासून उपाशी होता, त्यामुळे शब्द स्वच्छ होते.

"नवसीबाई, मी सांगायला आलोय..."

"आदी जेव."

"नको. आधी बोलू दे."

"माज्या दारात आलास. उपाशी मानसाचं मी आयकत नाय."

"बाय, आधी त्याचं ऐकून घे," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पातेल्यातला भात वाढला आणि थाळी त्याच्यापुढे सरकवली.

तो जेवला. दोनच घास. डोळे तांबारले.

"जिव्या... मी उतर... तो नव्हता प्या..."

त्याची जीभ वळेना. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

"तो तुझ्या नवऱ्याचं नाव साफ करायला आला होता, नवसी!" मी ओरडले.

"जिव्या पीत नवता ह्ये पाड्याला ठावं हाय, बाय," ती शांतपणे म्हणाली. "त्याला ह्याचं तोंड कशाला लागतं?"

तिनं पुन्हा वाढलं.

कमलाकांत रडत होता. त्याचा हात थांबत नव्हता.

मी त्याला दंडाला धरून ओढलं. तो जागचा हलला नाही. तिनं आणखी वाढलं.

वाकले तेव्हा मला पातेल्याच्या आतलं दिसलं. भात काठोकाठ होता, नुकता शिजल्यासारखा वाफाळत होता.

तिच्या पाठीमागे चूल होती. चुलीतल्या राखेत मांजर झोपलं होतं.