सोजरबाईचं माप

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना नासिर चोर वाटतो, त्यांनी तर ती शेवटपर्यंत वाचावीच.

आणि रात्रबित्र काही नव्हती. अमावस्या नव्हती, पिंपळ नव्हता. साल २००३, ऑक्टोबरचं ऊन, भर दुपार. धायरीच्या पुढे खडकवासल्याच्या अंगाला नासिरची पत्र्याची शेड. दुपारी एक ते चार बंद. पुण्यात त्या वेळात भुतंसुद्धा झोपतात, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

तेवढं मात्र त्याचं चुकलं.

नासिर जुन्या जीपगाड्या डोंगरदऱ्यांत नेण्याजोग्या बांधून द्यायचा. स्प्रिंगचे उंच पाटे, जाड टायर, डोक्यावर पाइपांचा पिंजरा, मागे झोपायला फळी आणि त्या फळीला वेगळं दार. शिक्षण सातवी. पण कान असा, की रस्त्यावरून गाडी गेली की आत बसून सांगायचा, तिसऱ्या गिअरात आहे, आता दुसरा टाकेल. आणि समोरचा टाकायचाच.

अभिनव कोथरूडचा. हिंजवडीत कॉम्प्युटरवर कामाला. उंची सहा फूट एक इंच. त्याला स्वतःच्या जीपने लडाखला जायचं होतं. नासिरने शिंप्यासारखी टेप लावून त्याचं माप घेतलं. पाय, मांडी, हात. सीट, पेडल, आरसा, सगळं त्या मापाने होणार होतं.

जुनी जीप नासिरने मांजरीहून आणली. हिंमतराव नावाच्या ऊसवाल्याकडून. जीप गोठ्यात विटांवर उभी. चारही चाकं काढून माळ्यावर ठेवलेली, त्यांना साखळी, साखळीला कुलूप.

"चाकं का काढली?" नासिरने विचारलं.

"जागा अडत हुती."

विटांवर ठेवलेली जीप काय कमी जागा घेते? नासिर हसला.

तेव्हा हसला.

क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवर सागाचे ठोकळे तारेने बांधले होते. कुणा बुटक्या माणसाचा पाय पोचावा म्हणून. नासिरने ते सोडवले आणि शेडमधल्या चुलीत घातले. त्यांच्यावर चहा झाला.

मग सीट सरकली.

जीप लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उभी होती, चाकं बसवायची बाकी होती. एक वाजता नासिर कुलूप लावून जेवायला गेला, तेव्हा सीट सगळ्यात मागच्या खाचेत. चारला आला तर... चार खाचा पुढे.

दुसऱ्या दिवशी आरसा खाली झुकलेला.

तिसऱ्या दिवशी... पेडलांवर ठोकळे.

नवे. गिअरबॉक्स ज्या खोक्यातून आला, त्याच्या फळीतून कापलेले. खाली भुसा. ताजा.

आणि नेमका त्याच दिवशी अभिनव आला. सीटवर बसायला गेला, तर गुडघे स्टेअरिंगवर आपटले.

"हे काय आहे, नासिरभाई?"

"सर, खरंच माहीत नाही."

"शेड तुमची, कुलूप तुमचं, आणि माहीत मला असणार? किती उंचीचं आहे तुमचं दुसरं गिऱ्हाईक? पाच फूट?"

"दुसरं कुणी नाही सर. जबान देतो."

"जबान ठेवा, गाडी द्या. रविवारी चार वाजता. माझ्या मापाची. नाहीतर आपल्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेल टाकतो. शंभर जण वाचतात. मग बसा रिक्षांचे पत्रे ठोकत."

नासिरला सगळं काम त्या शंभर जणांकडूनच यायचं. एकोणीस वर्षांचं नाव, आणि ते पुसायला एका बोटाचं काम. ज्याला पाना कुठल्या बाजूने धरतात ते ठाऊक नाही, त्याच्या बोटाचं.

संशय नासिरलाही आला. याच्याकडेच दुसरी किल्ली असेल. मन फिरलं असेल, बहाणा शोधत असेल.

शुक्रवारी त्याने बायकोला, अख्तरबानूला, बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. स्वतः आत, ऑइलच्या पिंपांमागे.

"चोर सापडला तर काय करणार?" तिने विचारलं.

"ओळख करून घेईन."

"आणि त्यानेच तुमची करून घेतली तर?"

दीड वाजला. दोन. सव्वादोन.

तापलेले पत्रे कडकड वाजत होते. मग तेही थांबले.

मग... क्लच दबला.

सीटवर कुणी नव्हतं. नासिरला ती स्वच्छ दिसत होती. पेडल आपोआप खाली गेलं, गिअरचा दांडा हलला. पहिला. दुसरा. स्टेअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे, खड्डे चुकवावेत तसं. हात नवशिका, पण नेटाचा.

नासिर पिंपाला चिकटून बसला. पण कान आपलं काम करत होते. हा गावातला रस्ता. आता तिसरा. आता ब्रेक. न्यूट्रल.

थांबली.

चौकात कुणी इतकं थांबत नाही. एक मिनिट गेलं. दोन. तीन. रेल्वेचं फाटक, नासिरच्या मनात आलं. मांजरीचं फाटक.

आणि मग... ड्रायव्हरच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं. फाडकन.

सीट मागे गेली. चारही खाचा, एका दणक्यात. स्टेअरिंग गरागरा उलटं फिरलं. परत तोच रस्ता, आता एकही खड्डा न चुकवता. हा हात दुसऱ्याचा होता. ब्रेक. हँडब्रेकची करकर.

बराच वेळ काहीच नाही.

मग सीट... हळूहळू... पुढे येऊ लागली. एक खाच. दोन. तीन. चार.

शनिवारी नासिर मांजरीला गेला. जुना एक कागद हवा होता, ही सबब. हिंमतराव ओट्यावर बसले होते. धिप्पाड माणूस, सहा फुटांच्या वर.

"जीप कोण चालवायचं हो? ठोकळे होते पेडलांना."

"आमची मंडळी. सोजरबाई. खूळ हुतं तिला."

"कुठं असतात त्या?"

"म्हायेरी गेलीया. बार्शीला."

"कधी येणार?"

"येईल की. अकरा वरसं झाली, येईल."

नासिर उठला. पाठमोरा झाल्यावर आवाज आला, "चाकं बसवली का?"

"अजून नाही."

"नका बसवू."

रविवारी सकाळी नासिरने चाकं बसवली.

त्यानंतर त्याने काय केलं ते अख्तरबानूने डोळ्यांनी पाहिलं. त्याने दोन्ही दारांची बाहेरची हँडलं काढली, भोकं वेल्डिंगने बुजवली, आतून कडी बसवली. सागाचे दोन ठोकळे कापले, पायाला लागू नयेत म्हणून कानशीने कडा घासल्या, तारेने पेडलांना बांधले. सीट चार खाचा पुढे घेऊन बोल्टने पक्की केली. टाकी भरली.

"चारला ते साहेब येणार," ती म्हणाली. "हे कुणाचं माप?"

"ज्याची गाडी त्याचं."

एक वाजता दोघं जेवायला गेले. किल्ली जीपलाच होती. शटरला कुलूप लावलं होतं का? नासिर म्हणतो, आठवत नाही.

चार वाजता शेडमध्ये चार लोखंडी घोडे होते. आणि मातीत जाड टायरांचे ठसे, बाहेर जाणारे.

अभिनवने शेड डोक्यावर घेतली. जीपची तक्रार तासाभरात नोंदली गेली. मेल संध्याकाळी गेली. सोजरबाई हरवल्याची तक्रार अकरा वर्षांत एकाही माणसाने केली नव्हती. नवऱ्याने नाही, गावाने नाही. लोखंड हरवलं की माणसं धावतात. बाई हरवली की तिच्या माहेरचं नाव सांगितलं की झालं.

अभिनवने पुढे शोरूममधून नवी कोरी गाडी घेतली. ती सोसायटीत कव्हर घालून उभी असते. लडाखला अजून गेलेली नाही. नासिर रिक्षांचे पत्रे ठोकतो.

आठवडाभराने तो मांजरीच्या फाटकावर गेला. धायरीहून बार्शीला जायला ते फाटक वाटेत लागतच नाही. तरी गेला.

"जीप आली हुती की," फाटकवाला म्हणाला. "रविवारी, सव्वादोनला. फाटक बंद हुतं."

"चालवत कोण होतं?"

"दिसलं नाय. बुटकं हुतं कोण तरी. नुसता डोक्यावरचा पदर दिसत हुता."

"मग?"

"मग एक गडी आला पळत. धिप्पाड. दार उघडाया बघत हुता, पर हँडलच घावंना त्याला. काचंवर थापा मारत हुता. तेवढ्यात रेल्वे पास झाली, म्या फाटक उघडलं. जीप गेली. म्होरं हायवेला डावीकडं वळली."

डावीकडे सोलापूर रोड. बार्शी.

अकरा वर्षांत पहिल्यांदा ती फाटक ओलांडून गेली होती. नासिरला हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं असेल. तो ते सांगत नाही.

परतताना तो हिंमतरावांच्या घरावरून गेला. दाराला कुलूप. गोठ्यात संपत नावाचा गडी वैरण टाकत होता.

"मालक कुठं?"

"सासुरवाडीला."

"कुठल्या?"

"बार्शीच्या."

"कधी येणार?"

संपतने वर पाहिलं नाही. "येत्याल की."

नासिर तसाच उलटा फिरला. फाटकावर आला.

"त्या गड्याला दार उघडता आलं नाही ना? मग तो गेला कुठं?"

"जीपच्या मागनं पळाला," फाटकवाला म्हणाला. "मग धुरळा उडाला. दिसला नाय परत."

आता नासिर दुपारी शेड बंद करत नाही. एक ते चार शटर सताड उघडं असतं आणि तो बाहेर लिंबाखाली बसतो, रस्त्याकडे तोंड करून. जीप आजतागायत सापडलेली नाही. लोक त्याला चोर म्हणतात, त्याचं त्याला काही वाटत नाही. त्याला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने.

दोन दारांची हँडलं त्याने काढली होती.

फळीच्या बाजूचं, मागचं दार... ते राहून गेलं होतं.