सात नंबरचे ठोकळे

दार लोटून घ्या आणि मध्ये मध्ये "मग काय झालं" करू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. हवाई तळावर आमच्या बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मेकॅनिकची आहे. त्याचा सख्खा भाचा तिथेच मालवाहू विमानावर लोडर होता, म्हणून सगळा तळ त्याला मामाच म्हणायचा.

लढाई जोरात होती. विमानं सामान टाकून यायची, पुन्हा भरून जायची. विमान जागेवर आलं की चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, हेडफोनची वायर विमानाला जोडायची आणि आत सांगायचं, "लागले, उतरा." खालच्या माणसाने हा शब्द दिल्याशिवाय कुणी पाय खाली ठेवायचा नाही, मग साहेब का असेना! मामाने बहिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं, "तुझ्या पोराला रोज मी स्वतः उतरवून घेईन. तू निर्धास्त झोप."

त्या मंगळवारी सात नंबरच्या जागेवर भाच्याचं विमान आलंच नाही. रात्री दहाला कारकुनाने फळ्यावरचा त्या विमानाचा नंबर पुसला. मामा त्याच्यावर धावून गेला, "अहो, पुसता काय? वाट तर बघा!" लढाईत कोण कुणाची वाट बघतंय, बाबांनो.

दोन वाजता स्टोअरवाला म्हणाला, "मामा, सात नंबरच्या जागेवरचे ठोकळे घेऊन या. दुसऱ्या विमानाला लागतील." काम साधंच. मामा निघाला. हेडफोन सवयीने कानावर, वायर जमिनीवर फरफटत. ती कशालाच जोडलेली नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

दोन वाजून वीस मिनिटं. मामाने ठोकळ्यांना हात घातला, आणि कानात...

"मामा, ठोकळे लाव ना. उतरायचंय."

मामाने वर पाहिलं. जागा मोकळी. वाराही नाही. पण हात सवयीचे, त्यांनी ठोकळे चाकांच्या खुणांवर सरकवले.

"लागले का?"

मामाने वायरचं टोक चाचपलं. मोकळंच.

"बोल ना, मामा. सगळे दारात उभे आहोत. उतरू?"

एकच शब्द, हो, एकच! तोंड उघडत होतं. आवाज फुटत नव्हता. डोळ्यांना धारा.

"मामा..."

मग काही नाही.

सकाळी आम्ही गेलो, तर हा तिथेच बसून, "उतरा रे, उतरा!" घसा पार बसलेला. आम्हालाही रडू आवरेना. त्याला कसंबसं उठवलं. स्टोअरवाला ठोकळे उचलायला वाकला. हलेनात, जणू वर विमान उभं आहे. एका हाताने उचलायचो आम्ही ते! चौघं लागलो. पहार घातली. पहार वाकली.

लढाई संपली, तळ बंद पडला. मामा बहिणीच्या दारात पुन्हा कधी गेला नाही. वारला तोही.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम त्या जागेवर जाऊन आलो. गवत माजलंय. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मीही ओरडलो, "लागले रे, उतरा!" थोडा वेळ थांबलो... मग पायाने ठोकळा ढकलून पाहिला.

हलला नाही.